दक्षिण बेटावर कॅम्परव्हॅन: कोणते रस्ते, कुठल्या दिशेने आणि किती वाजता

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवाळी झाल्यावर नोव्हेंबरात न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर बारा दिवस, ख्राइस्टचर्चहून सहा बर्थची कॅम्परव्हॅन, सोबत दोन मुलं आणि सत्तरीतले आईवडील. गाडी तुम्ही दोघं आलटून पालटून चालवणार. इंटरनेटवरून निसर्गरम्य रस्त्यांची लांबलचक यादी जमवली आहे. त्यातले कोणते घ्यायचे, कोणते सोडायचे, हे तुम्हाला हवं आहे.

मी ख्राइस्टचर्चमध्ये कॅम्परव्हॅन भाड्याने देण्याच्या धंद्यात आहे. किल्ली देताना माणसं भेटतात, गाडी परत घेताना पुन्हा भेटतात. छपराला काय घासलं, दार कशाने वाकलं, ब्रेकला वास का येतोय, हे सगळं परतीच्या दिवशी समोर येतं. सुट्टी मिळाली की मी स्वतःही याच रस्त्यांवर असते. त्यामुळे यादीकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघते. तुम्ही लिहिलेला प्रत्येक रस्ता सुंदर आहे. पण तोच रस्ता उलट दिशेने किंवा चुकीच्या वेळी केला, तर निम्मा हातातून जातो, आणि सात मीटर लांबीच्या गाडीत बसून तर फारच.

म्हणून आधी दिशा ठरवा. बेटाची फेरी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने करा: ख्राइस्टचर्चहून दक्षिणेला, मग पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे, मग डोंगर ओलांडून परत. इथेही आपल्यासारखंच डावीकडून गाडी चालवतात. पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे जाताना समुद्र तुमच्या डाव्या हाताला, तुमच्याच लेनला लागून असतो. थांबायच्या जागाही डावीकडेच मिळतात, समोरून येणारी वाहतूक आडवी कापावी लागत नाही. उलट्या फेरीत समुद्र आणि तुमच्यामध्ये सतत एक लेन, आणि प्रत्येक थांब्यासाठी उजवीकडे वळण. मोठ्या गाडीला हे उजवं वळणच महागात पडतं. रस्ता मोकळा दिसला म्हणून वळायला घ्यावं, तर शंभराच्या वेगाने येणारी गाडी वळणाआडून कधी पुढ्यात येते ते कळत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. मोबाइलवरचा नकाशा सांगतो तो वेळ छोट्या कारचा असतो. त्यात एक तृतीयांश वाढवा. खुल्या रस्त्यावर कमाल वेग ताशी १०० किलोमीटर आहे, पण गाडीचं मंजूर वजन ३,५०० किलोच्या वर असेल तर ९०. सहा बर्थच्या बऱ्याच गाड्या या वरच्या गटात मोडतात, तेव्हा किल्ली घेताना विचारून घ्या. लायसन्सचं मात्र टेन्शन नको. ६,००० किलोपर्यंत कारचंच लायसन्स चालतं. मूळ इंग्रजी कार्ड जवळ हवं, आणि काही कंपन्या आंतरराष्ट्रीय परवानाही मागतात. दिवसाला दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर पुरे. आणि मुंबईहून इतका लांबचा प्रवास करून उतरल्या दिवशी गाडी ताब्यात घेऊ नका. ती रात्र ख्राइस्टचर्चच्या हॉटेलात झोपा, सकाळी गाडी घ्या, बाजारहाट करा आणि मग निघा.

पहिला टप्पा जेराल्डिन, फेअरली, बर्क्स पास करत टेकापो. हा रस्ता सोपा आहे, गाडीचा अंदाज यायला उत्तम. टेकापोच्या तळ्याकाठचं दगडी चर्च १९३५ सालचं. दिवसभर तिथे गर्दी असते, त्यामुळे सकाळी सातच्या आत जा किंवा रात्री जेवण झाल्यावर. २०१२ पासून हा सगळा मॅकेन्झी परिसर आंतरराष्ट्रीय अंधार-आकाश राखीव क्षेत्र आहे. आभाळ निरभ्र असेल तर आईबाबांना स्वेटर-शाल देऊन गाडीबाहेर खुर्च्या टाका, पुण्यात कधी न दिसलेलं आकाश दिसेल. नोव्हेंबरच्या मध्यापासून इथे ल्युपिनची जांभळी-गुलाबी फुलं रस्त्याकडेला येतात. फोटोसाठी गाडी शोल्डरवर, म्हणजे रस्त्याकडेच्या पट्टीवर, अर्धवट घुसवू नका. फुलांच्या दिवसांत इथले लोक पर्यटकांवर वैतागतात ते नेमके याच कारणाने.

आता ज्या रस्त्यासाठी मी अख्खी सहल इकडची तिकडे करीन तो: स्टेट हायवे ८०, पुकाकी तळ्याच्या पश्चिम काठाने माउंट कुक गावापर्यंत, सुमारे ५५ किलोमीटर. जाताना आओराकी म्हणजेच माउंट कुक थेट विंडस्क्रीनमध्ये असतो आणि प्रत्येक वळणानंतर मोठा होत जातो. उंची ३,७२४ मीटर. डिसेंबर १९९१ मध्ये शिखराचा माथाच कोसळला, नंतर नव्याने मोजणी झाली, म्हणून जुन्या पुस्तकांत ३,७६४ हा आकडा दिसतो. तळ्याचा दुधाळ निळा रंग फोटोत वाढवून दाखवलेला वाटतो, पण तो खरा आहे. हिमनदी खडक दळत दळत खाली येते, ते पिठासारखं बारीक चूर्ण पाण्यात तरंगत राहतं आणि त्यावरून प्रकाश विखुरतो. ऊन डोक्यावर असताना रंग सर्वांत गडद दिसतो.

इथे माझा नियम असा: जाताना थांबायचं नाही, येताना थांबायचं. जाताना तळं उजवीकडे असतं, पर्वत समोर असतो, तेव्हा नुसती गाडी चालवा. परत येताना तळं डाव्या हाताला येतं, पीटर्स लुकआउट तुमच्याच बाजूला येतो, तिथे गाडी लावून मागे वळून पर्वत बघा. सकाळी वाराही पडलेला असतो. वाऱ्याचं मी मुद्दाम सांगते, कारण आमच्याकडे परत येणाऱ्या गाड्यांच्या नुकसानीत दारांचा वाटा मोठा असतो. या खोऱ्यात वायव्येचा वारा सुटला की हलकं दार हातातून हिसकावून घेतो, बिजागरी वाकते, आणि बरेचदा ते विम्यात बसत नाही. थांबताना गाडीचं तोंड वाऱ्याकडे करा, मुलांना एकट्याने दार उघडू देऊ नका, दोन्ही हातांनी दार धरून मगच पाय खाली टाका. छपरावरची खिडकी निघण्याआधी बंद आहे ना ते रोज एका ठरलेल्या माणसाने बघायचं. उघडी राहिलेली खिडकी शंभर मीटरही टिकत नाही.

मुक्कामासाठी गावापुढे व्हाइट हॉर्स हिल ही संवर्धन खात्याची छावणी आहे. या खात्याला इथे सगळे डॉक म्हणतात. तिथे वीज नाही, पण मागे माउंट सेफ्टनचा बर्फाचा कडा आहे. सकाळी पोह्यांना फोडणी द्यावी आणि वरून गडगडाट ऐकू यावा, ढग आलेत म्हणून बाहेर बघावं तर आभाळ स्वच्छ. तो आवाज कड्यावरून बर्फ सुटण्याचा. छावणीतून हूकर खोऱ्याची पायवाट निघते. पूर्ण वाट जाऊन-येऊन १० किलोमीटर आहे, चढ फारसा नाही, आईबाबांना पहिल्या झुलत्या पुलापर्यंत सहज जमेल. वाटेवरच्या पुलांची कामं अधूनमधून चालू असतात, तेव्हा कुठपर्यंत खुली आहे ते गावातल्या पर्यटक माहिती केंद्रात विचारा. हवामानाचा भरवसा नाही म्हणून इथे दोन रात्री ठेवा. एकाच दिवसासाठी येऊन ढगांच्या भिंतीचा फोटो घेऊन गेलेली माणसं मी बरीच पाहिली आहेत.

फोडणीवरून आठवलं. गाडीतला धुराचा अलार्म मोहरी तडतडली की वाजतो. आधी छपरावरचा पंखा सुरू करा, शेगडीजवळची खिडकी उघडा, मग कढई ठेवा. अलार्मची बॅटरी काढून ठेवायची सूचना कोणी दिली तर ऐकू नका. रात्री हीटर चालू ठेवून सगळे झोपणार आहात.

माउंट कुकहून क्वीन्सटाउनला जाताना लिंडिस पास लागतो, उंची ९७१ मीटर. पिवळसर गवताच्या टेकड्या, झाड एकही नाही. वर डावीकडे-उजवीकडे बघत सावकाश पार करा, दहा मिनिटं थांबा आणि पुढे चला. कुणी सांगतं क्राउन रेंजचा रस्ता घ्या. १,०७६ मीटरवरून जाणारा तो देशातला सर्वांत उंच डांबरी मुख्य रस्ता आहे, आणि कारमध्ये मी तो आनंदाने घेते. सहा बर्थच्या गाडीने, मागे आईबाबा बसलेले असताना, नको. ॲरोटाउनच्या बाजूची वळणं उलटसुलट आणि तीव्र आहेत, गाडीची मागची शेपूट बाहेर फेकली जाते, आणि मागे बसलेल्याला पोटात ढवळतं. क्रॉमवेल आणि कावाराउ घळीतून जाणारा हायवे ६ काही फार लांबचा नाही आणि स्वतःच देखणा आहे. स्किपर्स कॅन्यनचा रस्ता तर बहुतेक भाडेकरारांत नावानिशी बंद असतो, तसाच माउंट कुकजवळचा बॉल हट रोडही. तिथे गेलात तर विमा नाही.

क्वीन्सटाउनमध्ये मोठी गाडी लावणं हे दिवसभराचं काम होऊन बसतं. शहराबाहेर, फ्रँकटनच्या बाजूला मुक्काम करा. वेळ हाताशी असेल तर तिथून ग्लेनॉर्की, ४६ किलोमीटर, वाकाटिपू तळ्याच्या काठाने. जाताना तळं डावीकडे. बेनेट्स ब्लफच्या वरून तळ्याचं वरचं टोक आणि मागचे बर्फाचे डोंगर एकदम समोर येतात. हा रस्ता दुपारी चारनंतर करा. नोव्हेंबरात सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, त्यामुळे उजेडातच परत याल. मात्र माउंट कुकला हवेमुळे एक दिवस वाढला तर कापायचा टप्पा हाच.

मिलफर्डबद्दल, म्हणजे मिलफर्ड साउंड या उंच कड्यांमधल्या समुद्राच्या खाडीबद्दल, सविस्तर लिहिते, कारण बहुतेक आपली माणसं तो चुकीच्या पद्धतीने करतात. क्वीन्सटाउनहून पहाटे निघायचं, चार-पाच तास गाडी, दुपारी बोट, पुन्हा चार-पाच तास. बसने हे जमतं, कारण चालवणारा दुसरा असतो. स्वतःच्या कॅम्परव्हॅनने हा वेडेपणा आहे, आणि ज्या गाडीत बिछाना आहे ती घेऊन असं करणं म्हणजे तिचा मूळ उपयोगच सोडून देणं.

त्याऐवजी असं करा. क्वीन्सटाउनहून 'ते आनाउ' या गावाला जा, १७० किलोमीटर. तिथे डिझेल फुल करा, पाण्याची टाकी भरा, किराणा घ्या आणि घरी फोन करायचा असेल तर करून टाका, कारण पुढे बहुतेक रस्त्यावर मोबाइलला रेंज नाही. मग दुपारीच पुढे निघून एग्लिंटन खोऱ्यात शिरा आणि कॅस्केड क्रीक या डॉकच्या छावणीत रात्र काढा. मिलफर्डच्या बाजूची ही डॉकची शेवटची छावणी. पुढे रस्त्याकडेला रात्रीचा मुक्काम करायला बंदी आहे. सकाळी सहाला खोऱ्यात धुक्याचा पट्टा गवताच्या वर तरंगत असतो, दोन्ही बाजूंना बीच वृक्षांचं रान, आणि रस्त्यावर तुम्ही एकटेच. इथून मिलफर्ड चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. पहिली बोट मिळते आणि क्वीन्सटाउनच्या बसेस पोहोचण्याआधी तुम्ही धक्क्यावर परत असता.

या पंचेचाळीस किलोमीटरमध्येच होमर बोगदा आहे. १९३५ मध्ये, मंदीच्या काळात, बेरोजगारांना काम म्हणून कुदळ-फावड्याने खोदायला सुरुवात झाली. हिमलोटांत कामगार दगावले, मध्ये महायुद्ध आलं, आणि रस्ता खुला व्हायला १९५४ उजाडलं. सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबी, भिंती अजून कच्च्या खडकाच्या, आणि मिलफर्डकडे सरळ उतार. आत शिरण्याआधी गॉगल काढा, दिवे लावा, मधल्या रेषेकडे न सरकता सावकाश उतरा. गर्दीच्या महिन्यांत दिवसा सिग्नल असतो, एका वेळी एकाच बाजूची वाहतूक सोडतात. सिग्नलला थांबलात की केआ येतील. हे हिरवे डोंगरी पोपट वायपरचं रबर, खिडकीची पट्टी, एरियल, जे सापडेल ते चोचीने सोलतात. मुलांना मजा वाटेल, पण खायला काहीही देऊ नका. माणसाच्या खाण्याने ते आजारी पडतात आणि गाड्यांखाली सापडतात.

बोगद्यापलीकडे रस्ता क्लेडाउ खोऱ्यात वळणावळणाने झपाट्याने खाली जातो. इथे आपल्या घाटातला नियम विसरू नका: ज्या गिअरमध्ये चढाल त्यातच उतरायचं. ऑटोमॅटिक गाडी असली तरी लिव्हर मॅन्युअलवर टाका आणि दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनवर उतरवा. इतकी जड गाडी नुसत्या ब्रेकवर उतरवली की खाली पोहोचेपर्यंत चाकांतून जळका वास येतो. तसं झालंच तर सुरक्षित जागी थांबून ब्रेक थंड होऊ द्या, त्यावर पाणी ओतू नका.

पावसाची धास्ती घेऊ नका. मिलफर्डला वर्षाला सुमारे ६,८०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या आंबोलीच्या तोडीचा, फक्त तो वर्षभर वाटलेला. पाऊस असेल तर प्रत्येक कड्यावरून धबधबा सुटतो, आणि कोरड्या दिवशी त्यातले मोजकेच उरतात. मला विचाराल तर पावसाची मिलफर्ड जास्त आवडते. खरी काळजी हिमलोटाची. मे ते नोव्हेंबर या रस्त्यावर धोका धरतात, काही पट्ट्यांत थांबायला मनाई असते, फलक लागला असेल तर चाकांच्या साखळ्या जवळ असणं सक्तीचं, आणि धोका वाढला की रस्ता बंद करतात. तुमच्या तारखा या काळाच्या शेवटाला येतात, तेव्हा साखळ्या आमच्यासारख्यांकडून गाडीसोबतच घ्या, त्या चढवायच्या कशा ते डेपोतच एकदा करून बघा, आणि ते आनाउ सोडण्याआधी रस्त्याची त्या दिवसाची स्थिती तपासा. परतीची रात्र ते आनाउला वीज असलेल्या जागेवर काढा.

यातूनच मुक्कामाचा नियम निघतो. एक रात्र डॉकच्या छावणीत, दुसरी हॉलिडे पार्कमध्ये. हॉलिडे पार्कमध्ये बॅटरी पूर्ण भरते, गरम पाण्याची आंघोळ होते, कपडे धुतले जातात आणि आईबाबांना रात्री चालत जाण्याजोगं नीट शौचालय मिळतं. सांडपाण्याची टाकी आणि संडासाची कॅसेट (काढता येणारी टाकी) फक्त डंप स्टेशनवर, म्हणजे त्यासाठी ठरवलेल्या जागी, रिकामी करायची, तीही रोज एकाने जबाबदारीने. फुकट मुक्कामाच्या जागांचा हिशेब हल्ली बदलला आहे. २०२३ च्या कायद्यानंतर गाडीत कायमचा बसवलेला संडास असेल तरच अशा मुक्कामासाठी लागणारं हिरवं प्रमाणपत्र मिळतं, आणि ते असूनही प्रत्येक ठिकाणी स्थानिक कौन्सिलचा नियम वेगळा. तळ्याकाठी फलक न वाचता गाडी लावली की सकाळी काचेवर शेकडो डॉलरच्या दंडाची चिठ्ठी. डॉकच्या काही छावण्यांना आधी बुकिंग लागतं, काहींत पहिला येईल त्याला जागा. हे निघण्याआधी एकेक करून बघा.

ते आनाउहून वानाका, आणि तिथून हायवे ६ ने हास्ट. हा माझ्या दृष्टीने या फेरीतला दुसरा अव्वल रस्ता. आधी हावेआ तळं उजवीकडे, मग द नेक नावाची चिंचोळी जागा ओलांडली की वानाका तळं डावीकडे. एका डोंगराच्या दोन बाजूंना दोन तळी, आणि मधून काही मिनिटांत तुम्ही एकाकडून दुसऱ्याकडे जाता. थांबायचं ते नेक ओलांडल्यावर, वानाकाच्या बाजूला. पुढे माकारोरानंतर रान दाट होत जातं. खिंड अवघी ५६० मीटरच्या आसपास, चढ कळतही नाही. पश्चिमेचा उतार मात्र गेट्स ऑफ हास्टपाशी एकदम खडा आहे, मोठमोठ्या शिळांमधून नदी फेसाळत जाते. पुन्हा दुसरा गिअर. या खिंडीतून रस्ता १९६० मध्ये पूर्ण झाला आणि किनाऱ्याने उत्तरेकडे जोडायला १९६५ साल उजाडलं. तोवर हास्टची वस्ती बाकी बेटापासून जवळपास तुटलेली होती, आणि आजही तिथे दुकान म्हणजे नावापुरतंच. भाजीपाला वानाकालाच भरून घ्या.

हास्ट नदीवरचा पूल ७३७ मीटर लांब आणि एकच लेनचा आहे, देशातला असा सर्वांत लांब. मध्ये बाजू द्यायला रुंद जागा ठेवल्या आहेत. पश्चिम किनाऱ्यावर एकेरी पूल ठिकठिकाणी लागतात, म्हणून खुणा पाठ करा. लाल कडेच्या गोल फलकावर तुमच्या दिशेचा बाण छोटा आणि लाल असेल तर तुम्ही थांबायचं. निळ्या चौकोनी फलकावर तुमचा बाण मोठा आणि पांढरा असेल तर हक्क तुमचा, तरी समोरचा पुलावर चढला असेल तर त्याला येऊ द्या. 'मी आधी पोहोचलो' हा न्याय इथे चालत नाही.

हास्टला रात्र काढा, एकाच दमात फॉक्स ग्लेशियरला जाऊ नका. सकाळी उत्तरेकडे निघालात की समुद्र डावीकडे येतो. शिप क्रीकला लाकडी वाटेवरून दलदलीतलं रान आणि वाळूचा किनारा दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. नाइट्स पॉइंटवरून खाली टास्मन समुद्र. थांबा, पण अंगभर कपडे घालून: इथल्या सँडफ्लाय या काळ्या चिलटांचा चावा आठवडाभर खाजतो. हाता-पायाला औषध लावा, गाडीचं दार उघडं ठेवून गप्पा मारू नका. अंधार पडला की त्या थांबतात. फॉक्सजवळच्या मॅथेसन तळ्यात माउंट कुकचं प्रतिबिंब बघायचं तर भल्या सकाळी, वारा सुटण्याआधी. ढग असतील तर त्यासाठी अडून बसू नका.

होकिटिकानंतर ग्रेमाउथ, आणि तिथून उत्तरेला वेस्टपोर्टपर्यंत ग्रेट कोस्ट रोड. बारा दिवसांत वेस्टपोर्ट गाठायची गरज नाही, पुनाकाइकीपर्यंत जाऊन परत या. पण जायची वेळ भरतीच्या तक्त्यावरून ठरवा. पुनाकाइकीचे पॅनकेक खडक म्हणजे चुनखडीचे एकावर एक थर, आणि त्यांच्या भेगांतून लाटेचं पाणी उसळतं ते भरतीलाच. ओहोटीला गेलात तर नुसते खडक दिसतात. वीस मिनिटांची पक्की वाट आहे, आईबाबांना जमेल. या रस्त्याला कडेला समुद्र आणि वर झुकलेली झाडं आहेत. झाडाखाली गाडी लावताना खाली उतरून वर बघा. आपली गाडी सव्वातीन मीटरच्या आसपास उंच आहे हे कारची सवय असलेल्या माणसाला दोन दिवसांनी विसरायला होतं, आणि छपराचं नुकसान बहुतेक विम्यांत नसतं.

परतीला हायवे ७३, आर्थर्स पास. पश्चिमेकडून येताना ओटिराची चढण लागते, काही ठिकाणी उतार १६ टक्क्यांचा. पूर्वी इथे दरड कोसळणाऱ्या उतारावरून वळणावळणाचा रस्ता होता. १९९९ मध्ये ४४० मीटरचा ओटिरा व्हायाडक्ट, म्हणजे दरीवरचा उंच पूल, बांधून तो भाग टाळला. चढताना इंजिन कण्हू लागलं तर खालचा गिअर टाका, मागे गाड्या साचल्या तर बाजूच्या जागेत शिरून त्यांना जाऊ द्या. हे सगळीकडेच पाळा. मागे चार-पाच गाड्या अडकवून चालणं इथे फार उद्धट समजतात, आणि लोक *५५५ वर फोन करून पोलिसांना कळवतात. खिंड ९२० मीटरवर आहे. ती ओलांडली की एका बाजूचं ओलं गच्च रान संपून काही किलोमीटरांत कोरडी, रुंद, दगडगोट्यांची नदीपात्रं सुरू होतात. तोच पश्चिमेचा वारा, पाऊस डोंगराच्या पश्चिमेला टाकून कोरडा होऊन आलेला. पुढे कासल हिलला, म्हणजे कुरा तावहितीला, मुलांना चुनखडीच्या शिळांमध्ये मनसोक्त हुंदडू द्या. त्यानंतरचा पोर्टर्स पास आर्थर्स पासपेक्षाही किंचित उंच आहे, आणि तिथून खाली कँटरबरीच्या सपाटीवर उतरण्याचा शेवटचा घाट.

यादीतल्या बाकीच्यांबद्दल दोन शब्द. ईशान्येचा कायकोउराचा किनारा अप्रतिम आहे. नोव्हेंबर २०१६ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपात तो रस्ता गाडला गेला आणि डिसेंबर २०१७ मध्ये पुन्हा खुला झाला. पण त्यासाठी तुम्हाला आणखी दोन-तीन दिवस लागतील, आणि तोही उत्तरेकडून दक्षिणेला येताना करायचा, म्हणजे समुद्र डावीकडे. बेटाच्या उत्तर टोकाचा क्वीन शार्लट ड्राइव्ह हा रस्ता लहान गाडीचा आहे, या गाडीत चालवणाऱ्याला फक्त वळणं दिसतील. आग्नेय कोपऱ्याचा कॅटलिन्स किनारा पुढच्या खेपेला. आणि कुणी ओळखीचे मेच्या सुट्टीत यायचं म्हणत असतील तर त्यांना सांगा की तेव्हा इथे हिवाळा तोंडावर असतो. ॲरोटाउनची सोनेरी पानं हवी असतील तर एप्रिलच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात यावं.

घरून मसाले, लोणचं, भाजणी आणणारच असाल तर विमानतळावर एकूण एक खाण्याची वस्तू फॉर्मवर लिहा. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतील. न लिहिलेली सापडली तर जागेवर ४०० डॉलर दंड होतो. आईंच्या पर्समधली बडीशेपही त्यात आली. दोन्ही मुलांची वयं मला कळवा. सात वर्षांखालच्या मुलाला चाइल्ड सीट सक्तीची आहे, आणि कॅम्परव्हॅनमधल्या प्रत्येक आसनावर ती बसत नाही, तेव्हा गाडीचं मॉडेल ठरवण्याआधी हे बघावं लागेल.